पॉलिसीचा हप्ता भरला, इंजिनचं ऑइल राहिलं

फोंड्याच्या एका वाचकाचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देतो:

‘मी वेर्ण्याला औषध कंपनीत आहे, पत्नी शिक्षिका. दोघांचे मिळून महिना ९२ हजार हातात येतात. बचत खात्यात ४० हजार आहेत. २०२१ च्या चवथीला (गणेशचतुर्थीला) पेट्रोल हॅचबॅक घेतली, तिचे नऊ हजारांचे तीन हप्ते उरलेत. मला कंपनीची बस आहे, त्यामुळे गाडी गावातल्या गावात फिरते, ४८ हजार किलोमीटर झालेत. शेवटचं सर्व्हिसिंग २१ हजारांवर झालं. पुढे जुलैत आयुर्विमा पॉलिसीचा ६० हजारांचा प्रीमियम आणि पाठोपाठ चवथीचा खर्च, यात ते राहून गेलं. वर्षभर गाडी ऑइल खाते, आठशे किलोमीटरला लिटरभर. मे अखेरीस बेळगावहून येताना चोर्ला घाटात ऑइलचा लाल दिवा लागला. पाऊस होता, मुलं सोबत होती, म्हणून तशीच साखळी गावापर्यंत आणली. शोरूमने इंजिनचं काम १ लाख १० हजार सांगितलं, बाहेरचा मेस्त्री ७५ हजार म्हणतो. एक्स्टेंडेड वॉरंटी आणि गाडीच्या विम्यातलं इंजिन प्रोटेक्शन, दोन्ही असून दोघांनी हात वर केले. पॉलिसी मी गाडी बदलायलाच घेतली होती, चार हप्ते भरलेत, आत्ता मोडली तर सव्वा लाख मिळतात. ती मोडून इंजिन करू, की गाडी एक्स्चेंजला देऊन सव्वाअकरा लाखांची नवीन घेऊ? सव्वादोन लाख एक्स्चेंज आणि नऊ लाखांचं कर्ज. आणि वॉरंटीवाल्यांना ग्राहक आयोगात खेचू का?’

पॉलिसी मोडू नका. नवीन गाडी घेऊ नका. आयोगात जाऊ नका. आणि पॉलिसीचा जुलैचा हप्ताही भरू नका. हा शेवटचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण सगळ्याची चावी तिथेच आहे.

आधी इंजिन. तुमच्या पत्रातला ‘राहून गेलं’ हा शब्दप्रयोग फार साळसूद आहे. बहुतेक पेट्रोल गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा ऑइल बदलायचं असतं. तुम्ही सत्तावीस हजार चालवली. वर तुमची गाडी शाळा-बाजार-देऊळ एवढंच फिरते. पाच किलोमीटरच्या फेरीत इंजिन नीट तापत नाही, आत साठलेली वाफ आणि पेट्रोलचा अंश ऑइलमध्येच राहतो. अशा गाडीला ऑइल लवकर बदलावं लागतं, उशिरा नाही. ‘गाडी फिरतेच किती’ हा गोव्यातला लाडका युक्तिवाद इथे उलटा लागू पडतो.

जुनं झालेलं ऑइल काळं, चिकट होतं. पिस्टनवर एक रिंग असते, सिलिंडरच्या भिंतीवरचं जास्तीचं ऑइल खरवडून परत खाली पाठवणं हे तिचं काम. तिच्या खाचांत काजळी बसली की ती अडकते, ऑइल वर राहतं आणि पेट्रोलबरोबर जळतं. गाडी ऑइल खाते ती बहुधा अशी. व्हॉल्व्हचे सील कडक होणं, इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबणं, टॅपेट कव्हरमधून म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणातून गळती, हीही कारणं असू शकतात आणि यातली काही फार स्वस्तात सुटतात. म्हणून तपासल्याशिवाय इंजिन उघडायचं नसतं. थोडं ऑइल खाणं हा दोषही नव्हे. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत खाल्लं तर चालेल असं छापलेलं आहे. तुमची त्याच्या दुपटीहून जास्त खाते.

खरी चूक घाटातली. तो लाल दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण एका लिटरचं अंतर असतं. आठशेला लिटर खाणाऱ्या गाडीत तुमच्या वापराने ते महिन्याभरात संपतं. मग घाटाच्या वळणावर इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधलं उरलंसुरलं ऑइल एका बाजूला कलतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग कोरडं फिरतं. दिवा लागला की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं, पाऊस असो वा नसो. गाडीत लिटरभर ऑइल असतं तर ते ओतून पुढे निघता आलं असतं. साखळीपर्यंतच्या त्या प्रवासाने तुमचं बिल सहा हजारांवर थांबतंय की पाऊण लाखावर जातंय, हे ठरवलंय.

ते कसं, सांगतो. आधी ऑइलचा दाब आणि सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे तो हवा किती दाबून धरतो ते, गेज लावून मोजून घ्या. दोन-तीन हजारांत होतं. शोरूम ‘उघडल्याशिवाय कळत नाही’ म्हणाली तर दुसरीकडे जा. खालून ठोक्यासारखा आवाज नाही, दाब ठीक, कॉम्प्रेशन ठीक, तर इंजिन उघडूच नका. ऑइल-फिल्टर आत्ता बदला, मॅन्युअलमधल्या ग्रेडचं, मेस्त्रीच्या आवडीचं नव्हे. दोन-तीन हजार किलोमीटरनी पुन्हा बदला. पुढे दर रविवारी पट्टी बघून वरून भरत राहा. वर्षाला दहा हजार किलोमीटर म्हणजे साडेबारा लिटर, पाचशे रुपये लिटर धरलं तर सहा हजारांच्या आसपास. पाऊण लाखाचं काम वसूल व्हायला याच हिशोबाने बारा वर्षं लागतील. कायम असं चालवा असं मी म्हणत नाही. जळणारं ऑइल स्पार्क प्लग खराब करतं आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही मारतं, जो महाग असतो, आणि केव्हातरी पीयूसीला अडकाल. पण दोन-तीन वर्षं हे चालतं. बेअरिंग गेलं असेल तर मात्र पर्याय नाही, काम करावंच लागेल. तेही बाहेर, ७५ हजारांत, सुट्या भागांच्या बिलासकट.

आता वॉरंटी. पत्रात सगळ्यात जास्त राग तिच्यावर काढलाय म्हणून दोन ओळी. एक्स्टेंडेड वॉरंटी वेळापत्रकाप्रमाणे सर्व्हिसिंग केल्याच्या अटीवर असते. पुस्तिकेत शिक्के नाहीत तर दावा नाही, आयोगात पहिला प्रश्न हाच येईल. इंजिन प्रोटेक्शन हे पाणी शिरून इंजिन बसलं किंवा खालून दगड लागून चेंबर फुटलं आणि ऑइल गळालं, अशा अपघातांसाठी असतं. झीज आणि हलगर्जी त्यात बसत नाही. सेल्समनने ‘इंजिनचं सगळं कव्हर आहे’ असं सांगितलं असणार, ते सांगतातच. नऊ पानी अटी तो वाचून दाखवत नाही आणि आपण वाचत नाही. वकिलाची फी वाचवा.

तुम्ही वॉरंटीला १५ हजार भरले, इंजिन प्रोटेक्शनला वर्षाला दोन म्हणजे चार वर्षांत आठ, इंजिनातली काजळी काढायच्या डीकार्बनायझिंगला साडेतीन आणि ऑइलमध्ये ओतायच्या बाटल्यांना दीडेक हजार. झाले २८ हजार. जी दोन सर्व्हिसिंग टाळलीत त्यांचे झाले असते दहा हजार. म्हणजे ऑइल बदलण्याऐवजी जे जे विकत घेता येतं ते सगळं तुम्ही घेतलंत, पावणेतीनपट पैसे मोजून. आणि चांगल्या स्थितीत सव्वाचार लाखांना गेली असती त्या गाडीला एक्स्चेंजमध्ये सव्वादोन मिळतायत. दोन लाख तिथे गेले.

आता पॉलिसीकडे येतो. ती तुम्ही बँकेत लॉकर घेताना घेतलीत, असं पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय. लॉकरसाठी विमा पॉलिसी घेणं सक्तीचं नाही आणि कधीच नव्हतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे बँक फार तर तीन वर्षांचं भाडं आणि लॉकर फोडण्याचा खर्च भागेल एवढी मुदत ठेव मागू शकते. तुम्हाला लॉकर मिळालं आणि सोबत दहा वर्षांचे हप्ते. ६० हजार दहा वर्षं भरायचे, पंधराव्या वर्षी साडेनऊ लाख. ‘गॅरंटीड’ या शब्दावर माणसं फिदा होतात. परतावा बसतो साडेचार टक्क्यांच्या आसपास. सहा लाखांचं विमाकवच मिळतं, तुमच्या कुटुंबाला ते सहा-सात महिने पुरेल.

आणि ही पॉलिसी कशासाठी, तर गाडी बदलण्यासाठी! २०३७ मध्ये! त्या गाडीच्या हप्त्यापायी दारातल्या गाडीचं पाच हजारांचं सर्व्हिसिंग दोन वर्षं टळलं. तुम्ही विचारताय पॉलिसी इंजिन वाचवेल का. इंजिन त्या पॉलिसीनेच खाल्लंय.

तरी मोडू नका म्हणतोय. चार हप्त्यांचे २ लाख ४० हजार भरून सव्वा लाख हातात घेणं म्हणजे नुकसान पक्कं करणं. त्याऐवजी पाचवा हप्ता भरायचाच नाही. मुदतीनंतरच्या सवलतीच्या दिवसांत पैसे गेले नाहीत की पॉलिसी पेड-अप होते. पुढे काही भरायचं नाही, मुदत संपल्यावर भरल्याच्या प्रमाणात रक्कम मिळते. दहापैकी चार हप्ते म्हणजे साडेनऊ लाखांचे चार दशांश, थोडं हात आखडून साडेतीन लाख धरू. आजचे सव्वा लाख अकरा वर्षांत साडेतीन होत असतील तर ते साडेनऊ टक्क्यांच्या वर पडतं. तेवढा खात्रीचा परतावा तुम्हाला दुसरीकडे मिळणार नाही, पडून राहू दे. उलट उरलेले सहा हप्ते भरत राहिलात तर त्या नव्या ३ लाख ६० हजारांवर सुटतात जेमतेम सहा टक्के. पीपीएफ गेली काही वर्षं ७.१ देतोय, तिथे कुणी लॉकरही दाखवत नाही. पेड-अप रकमेचा नेमका आकडा मात्र विमा कंपनीकडून लेखी मागवा, बँकेतल्या बाईंच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. तो अडीच लाखांच्या खाली आला तर मला पुन्हा लिहा, तेव्हा मत बदलावं लागेल.

एक गोष्ट त्याआधी करायची. साधा टर्म विमा, एक कोटीचा, घ्या. तुमच्या वयाला वर्षाला पंधरा-अठरा हजारांत मिळेल, आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. तो हातात आल्यावरच जुलैचा हप्ता भरायचं थांबवा.

आता हिशोब जुळतो का बघा. जुलैसाठी ६० हजार वेगळे बाजूला काढलेत असं तुम्हीच पत्रात पुढे लिहिलंय. इंजिन करावंच लागलं तर ते साठ आणि बचतीतले पंधरा, झाले पंचाहत्तर. कर्ज नाही, पॉलिसी शाबूत. काम न करता भागलं तर तेच साठ तातडीच्या निधीत टाका, ९२ हजार कमावणाऱ्या घरात ४० हजारांची शिल्लक फारच तुटपुंजी आहे.

सप्टेंबरात गाडीचे नऊ हजार सुटतील. प्रीमियमचे महिन्याला पाच धरले तर चौदा झाले. त्यातले दीड टर्म विम्याला. दोन हजार गाडीच्या वेगळ्या खात्यात, त्यातून सर्व्हिसिंग, विमा, टायर, बॅटरी. हे दोन हजार पगार झाला त्याच दिवशी वळवायचे, चवथीला त्यांना हात लावायचा नाही. दहा हजारांचं आवर्ती खातं. पहिलं वर्ष-सव्वा वर्ष ते तातडीच्या निधीसाठी, पुढची दोन वर्षं गाडीसाठी. तोवर अडीच लाख जमतील, जुन्या गाडीचे दोन-अडीच येतील, आणि मग चवथीला नवी गाडी घ्यायची तर खुशाल घ्या. आजच्याच किमतीची गाडी धरली तर फरक साडेसहा लाखांच्या आसपास होईल, तेवढंच कर्ज.

आज घेतलीत तर नऊ लाखांवर सात वर्षं साडेचौदा हजार, म्हणजे बारा लाखांच्या वर भरणार आणि त्यात तीन लाखांहून जास्त व्याज. छोट्या गाड्यांवरचा जीएसटी उतरला तेव्हापासून ‘आत्ताच संधी’ हे पालुपद सुरू आहे, ते पुढच्या वर्षीही ऐकू येईल. माझी अडचण पैशांपेक्षा वेगळी आहे. नव्या गाडीलाही पट्टी असेल, आणि पट्टी कोण बघणार? ते ठरवूनच नवी घ्या. सपाट जागी, इंजिन थंड असताना, पट्टी पुसून पुन्हा बुडवून बघायला दोन मिनिटं लागतात. हे काम मालकाचं आहे. शोरूम वर्षातून एकदा बघते, तेही तुम्ही गाडी नेलीत तर.

गाडी विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला ऑइल खाते हे सांगून विका. आणि गेजची तपासणी होईपर्यंत ती अजिबात चालवू नका. गॅरेजला नेतानाही टो करून न्या. तुमच्या विम्यात रोडसाइड असिस्टन्स आहे का ते आज बघा, असेल तर निदान तेवढं तरी वसूल करा.