दुखायचं औषध द्यायचं की नाही?

प्रश्न : डॉक्टर, आम्ही सोलापुरात जुळे सोलापूर भागात राहतो. थोरल्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा बाहेर आणल्यावर बोटाच्या क्लिपवर ऑक्सिजन ९१ दिसला, मास्क लावल्यावर ९८ झाला. सासूबाई म्हणतात दुखायच्या औषधानंच श्वास कमी होतो. आता धाकट्याचंही (३ वर्षं, १२ किलो) तेच ऑपरेशन आहे. औषध देऊच नको का? आणि ते कमरेतलं इंजेक्शन, त्यानं कंबर कायमची दुखते का?

उत्तर : ताई, सासूबाईंचं सगळंच चूक नाही. मॉर्फिन, फेंटानिल असल्या औषधांनी श्वास मंदावतो, पण ती दवाखान्यात लक्ष ठेवूनच देतात. भूल उतरताना पोर गुंगीत असतं, जीभ मागं पडते, म्हणून ऑक्सिजन थोडा वेळ खाली येऊ शकतो, त्यासाठीच तर ती क्लिप असते. आणि हात गार असला नाहीतर पोरानं बोट हलवलं तरी ती क्लिप खोटा आकडा दाखवते बरं का.

कमरेखालचं इंजेक्शन म्हणजे कॉडल ब्लॉक, त्यात फक्त खालचा भाग बधिर होतो आणि मॉर्फिनसारखी औषधं कमी लागतात. कंबर कायमची दुखत नाही. काही तास पाय लटपटतात, तेवढं एकट्याला चालू देऊ नका. पण साधारण ४ ते ६ तासांनी त्याचा असर उतरतो आणि नेमकं तेव्हाच पोर किंचाळायला लागतं, आणि मग सगळे बाटली शोधत पळतात! त्याच्या आधीच पॅरासिटामॉल द्यायचं, किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे याला १८०, दर ६ तासांनी, २४ तासांत ४ वेळाच. दवाखान्यात शेवटचा डोस कधी दिला ते विचारून घ्या आणि थोरल्याच्या मापानं तर मुळीच देऊ नका, सिरप १२५ चं आहे का २५० चं (म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम) तेही बघा, तिथंच घोळ होतो.

मेडिकलमधून मनानं काही आणू नका. नायमसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना आपल्याकडं २०११ पासून बंद आहे. कोडीन, ट्रॅमाडॉलही या वयात नको, काही मुलांच्या अंगात कोडीनचं भराभर मॉर्फिन होतं आणि श्वासच अडतो.

आणि नुसतं सहन करू दे म्हणाल तर दुखतंय म्हणून पोर खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर तर त्यानंच ऑक्सिजन उतरतो. घरी हाक मारून उठत नसेल, श्वास थांबत थांबत येत असेल, ओठ निळे दिसले तर फोन करत बसू नका, सिव्हिल नाहीतर जो दवाखाना जवळ असेल तिथं लगेच न्या.