‘झोपले की पप्पा जातात’

साताऱ्यात समुपदेशन करणाऱ्या कुणाकडेही फौजी घरांतल्या बायका येतातच. ज्या जिल्ह्यात एका गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात, तिथे ते साहजिक आहे. हल्ली त्या जास्त करून फोनवर भेटतात, कारण राहायला पंजाबात, राजस्थानात, जम्मूत नाहीतर आसामात असतात. प्रत्येकीची गोष्ट वेगळी असते, पण शेवटी बहुतेकींचं बोलणं एकाच प्रश्नावर येतं: ‘हे फील्डला, म्हणजे सीमेकडच्या पोस्टिंगवर आहेत, मुलं लहान आहेत, दिवसभर त्यांच्यावर खेकसते आणि रात्री त्यांच्याकडे बघून रडते. मी वाईट आई आहे का?’

याचं उत्तर मी एका ताईंच्या अनुभवातून देते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई सत्तावीस वर्षांच्या. पती हवालदार, पोस्टिंग फील्डला. तिथे कुटुंब नेता येत नाही. अशांच्या कुटुंबांसाठी छावण्यांमध्ये वेगळी क्वार्टर्स राखलेली असतात. पंजाबातल्या एका छावणीत पहिल्या मजल्यावर असंच एक क्वार्टर त्यांना मिळालं होतं. मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. तक्रार मुलीबद्दल होती: हट्टी झाली आहे, रात्री अकरा-अकरापर्यंत झोपत नाही, आणि वर्षभर कोरडी राहणारी पोर पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली आहे. वडील सुट्टीवर आले की दाराआड लपते. एकदा रागाच्या भरात ताईंनी तिला लाटण्याने मारलं होतं. हे सांगताना त्या खूप वेळ थांबल्या.

छावणी बाहेरून बघणाऱ्याला स्वर्ग वाटते. झाडी, स्वच्छ रस्ते, कॅन्टीन, दवाखाना, शाळेची बस. हे सगळं खरंच आहे आणि ताई त्याबद्दल कृतज्ञही होत्या. पण रिक्षा गेटवर थांबते. तिथून एका कडेवर मुलगा, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, आणि मागे ‘मला पण उचल’ म्हणून रस्त्यात बसकण मारलेली मुलगी. घरकामाला बाई ठेवायची तर तिचा पास काढायचा. गावाहून सासूबाई आल्या तरी गेटवर आधी नोंद. नळ गळतोय म्हणून एमईएसकडे, म्हणजे लष्कराच्या बांधकाम-दुरुस्ती खात्याकडे, तक्रार लिहायची आणि माणूस येईल म्हणून दिवसभर घर सोडायचं नाही. एमएचच्या, म्हणजे लष्करी रुग्णालयाच्या ओपीडीला जायचं तर एका तापलेल्या पोरासोबत दुसऱ्या चांगल्या पोरालाही रांगेत उभं करायचं. दुपारी मुलगी घरात धावली की खालच्या क्वार्टरमधून छतावर काठी ठोकल्याचा आवाज यायचा. खाली सुभेदार साहेबांचं कुटुंब. नवऱ्यांच्या हुद्द्याचा दबाव बायकांवर नकळत येतोच. ताई उलट एक शब्द बोलू शकत नव्हत्या. मग तो सगळा राग मुलीच्या पाठीत उतरायचा.

मी त्यांना एकच काम दिलं: आवाज कधी चढतो ते कॅलेंडरवर लिहायचं. का चढतो ते नाही, फक्त वेळ. पुढच्या वेळी त्यांनी कागद वाचून दाखवला तेव्हा त्यांनाच नवल वाटलं. जवळजवळ सगळ्या नोंदी संध्याकाळी साडेपाच ते साडेआठमधल्या होत्या. पाणी भरायची वेळ, धाकट्याच्या भुकेची वेळ, स्वयंपाकाची वेळ, आणि त्यात ‘ह्यांचा’ फोन येईल म्हणून एक कान मोबाईलकडे. दिवसभर वाईट आई असणारी बाई त्या कागदावर कुठेच नव्हती. तीन तास कुणाच्याही मदतीविना काढणारी बाई होती.

त्या तीन तासांचं काहीतरी करणं शक्य होतं. मुलांचं जेवण साडेसहाला आणलं, स्वतःचं नंतर. समोरच्या क्वार्टरमध्ये एक गढवाली ताई राहत होती. तिचीही तीच परिस्थिती, तिचाही नवरा फील्डला. दोघींनी ठरवलं, एक दिवस चारही मुलं एकीकडे तासभर, दुसऱ्या दिवशी दुसरीकडे. हे ऐकायला सोपं वाटतं. पण ‘फौजीची बायको खंबीर असते’ हे इतक्यांदा ऐकलेलं असतं की शेजारणीला ‘मला जमत नाहीये’ म्हणायला ताईंना कित्येक दिवस लागले. म्हटल्यावर ती गढवाली ताई रडायला लागली. तिलाही तेच म्हणायचं होतं, पण धीर होत नव्हता. खंबीरपणाची ही सक्ती मला फार अन्यायाची वाटते. सीमेवरच्या माणसाला पलटण असते, या बाईने मात्र सगळं एकटीने पेलावं अशी अपेक्षा का?

आता मुलीकडे येऊ. साडेचार वर्षांच्या मुलीने कधीतरी अंथरूण ओलं केलं तर घाबरायचं काही नसतं, पाच वर्षांपर्यंत डॉक्टरही बहुधा थांबा म्हणतात. पण कोरडी राहणारी मुलगी पुन्हा ओली व्हायला लागली की आधी एमएचमध्ये लघवी तपासायची आणि पोट साफ होतंय का ते बघायचं. दोन्ही ठीक निघालं. मग मी विचारलं, हे सुरू कधी झालं? मागची सुट्टी संपल्यावर लगेच. आणि तिचे पप्पा गेले कसे? ताई म्हणाल्या, “पहाटेची गाडी होती. पोरगी रडेल म्हणून झोपेतच ठेवली. आमच्याकडे सगळे असंच जातात, मॅडम.”

मुलगी सकाळी उठली तेव्हा बूट नव्हते, बॅग नव्हती, पप्पा नव्हते. आई म्हणाली, पप्पा ड्युटीवर गेले. काही दिवसांनी ताईंनी मला मुलीचं एक वाक्य सांगितलं. रात्री डोळे ताणून जागी बसलेल्या तिला त्यांनी ओरडून विचारलं होतं, झोपत का नाहीस? ती म्हणाली, “झोपले की पप्पा जातात. तू पण जाशील.”

तिच्या जागेपणाला हट्ट म्हणता येणार नाही. या वयाच्या मुलांना ‘फील्ड’, ‘सुट्टी’, ‘तीन महिने’ यांतलं काही कळत नाही. समोर जे घडलं त्यावरून ती नियम बांधतात, आणि पुष्कळदा त्यात स्वतःलाही दोषी धरतात: मी त्रास दिला म्हणून गेले. मी ताईंना म्हटलं, तिला रोज झोपताना एकच वाक्य सांगा: तू झोपलीस तरी मी इथेच आहे, सकाळी तुला मीच उठवणार. आणि उठवायलाही स्वतःच जा, त्या वेळी दूध उतू गेलं तरी चालेल.

पप्पा येईपर्यंत दिवस मोजायला कागदाची माळ करा, रोज एक कडी तोडा, असं बालवाडीच्या बाईंनी ताईंना सुचवलं होतं. बाकी घरांत ते चांगलं असेल. फौजी घरात मी ते सुचवत नाही. सुट्टी मंजूर होते आणि रद्दही होते. माळ संपली आणि दारात कुणी आलं नाही तर मुलीला तिचा नियम पुन्हा खरा वाटतो. तारीख सांगायचीच असेल तर माणूस गाडीत बसल्यावर सांगा. तोवर आपल्या हातातल्या गोष्टी पक्क्या ठेवा: जेवणाची वेळ, रात्रीचं तेच गाणं, रविवारी तेच पोहे.

फोनवरून तर रोजचं भांडण व्हायचं. नेटवर्क मिळालं की रात्री नऊला फोन, आणि ताई झोपलेल्या मुलीला उठवून ‘पप्पांशी बोल, बोल ना’ म्हणून हलवायच्या. ती गप्प. तिकडे बाप हिरमुसलेला, इकडे आई चिडलेली. मी सांगितलं, उठवायचं नाही आणि बोलायची सक्ती नाही. ती खेळत असेल तर फोन शेजारी ठेवा, त्यांना तिचा आवाज ऐकू द्या. पप्पांनी, जिथे मोबाईलची परवानगी आहे तिथून, स्वतःच्या लहानपणीची एखादी गोष्ट दोन मिनिटं बोलून पाठवायची. बैल बुजल्याची गोष्ट मुलीने इतक्यांदा ऐकली की धाकटाही बैलासारखा हंबरायला लागला.

वडिलांशीही मी बोलले. त्यांचा सूर दुखावलेला होता. “सेक्शनमधली दहा पोरं माझा शब्द झेलतात. माझीच मुलगी मला बघून लपते.” मी म्हटलं, ती लपते कारण तुम्ही तिच्यासाठी महत्त्वाचे आहात आणि परत जाणार आहात हे तिला माहीत आहे. आल्या आल्या उचलू नका, शिस्त लावू नका, खाली बसा आणि तिला जवळ येऊ द्या. आणि सुट्टीतलं एक काम रोज तुमचंच: धाकट्याची आंघोळ किंवा तिची शाळेची बस. गावी जाऊन घराचं प्लास्टर, भावकीतलं लग्न आणि शेताची मोजणी यातच सुट्टी संपते, हे मी प्रत्येक फौजी घरात बघते. निघताना मात्र, पहाटेचे तीन वाजले असले तरी, तिला उठवून सांगून जा.

पुढच्या सुट्टीनंतर त्यांनी तसंच केलं. मुलगी गळ्यात पडून भयंकर रडली. ताईंचा घाबरून मला फोन आला. पण त्या रात्री ती दहाच्या आत झोपली. अंथरूण ओलं होणं एकदम थांबलं नाही, कमी होत गेलं. ताईंचा हातही पुन्हा एकदा उठला, त्यांनी स्वतःहून सांगितलं. त्यानंतर त्यांनी मुलीला जवळ घेऊन ‘मारलं ते चुकलं’ म्हटलं होतं, हे मला जास्त मोलाचं वाटलं.

तुमच्याकडे असं काही चालू असेल आणि महिनाभरात फरक पडत नसेल, किंवा हात वारंवार उठत असेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर वाट बघू नका. एमएचमध्ये बालरोगतज्ज्ञांना आणि मानसोपचार विभागात दाखवता येतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि मराठीतही बोलता येतं. सैन्यदलांतल्या लोकांसाठी आणि कुटुंबांसाठी त्याचा वेगळा कक्ष २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला आहे. अशा फोनमुळे नवऱ्याच्या नोकरीवर डाग लागेल ही भीती मनातून काढून टाका.

गेल्या महिन्यात ताईंचा फोन आला. पीस पोस्टिंगची, म्हणजे कुटुंब सोबत नेता येईल अशा ठिकाणची ऑर्डर आली आहे, आता सगळे एकत्र राहणार. पण मुलगी समोरच्या गढवाली मैत्रिणीला सोडायला तयार नाही, तिला कसं सांगू? मी म्हटलं, आत्ताच सांगा, ट्रक भरायच्या दिवशी नको. आणि त्या ताईंचा गावाकडचा नंबर मुलीसमोर वहीत लिहून घ्या.