वाचकांचे प्रश्न : पुलाच्या पोटातला गंज

प्रश्न : खाडीवरच्या पुलाच्या खांबांवर तांबूस ओघळ दिसतात. काँक्रीट न फोडता आतल्या सळया किती गंजल्या ते समजते का? (एक वाचक, रत्नागिरी)

किती गंजल्या ते नाही. गंज कुठे चालू असावा ते समजते. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) संपृक्त द्रावणाची नळी, त्यात बुडवलेली तांब्याची कांडी, नळीच्या तळाशी ओला स्पंज आणि चांगला मल्टिमीटर एवढे साहित्य लागते. द्रावणात न विरघळलेले खडे दिसलेच पाहिजेत. एका जागी सळई उघडी करून चकचकीत घासा आणि तिला मीटरची धन वायर जोडा. ऋण वायर कांडीला. वायरी उलट जोडल्या की चिन्ह उलटते; ही चूक सर्रास होते. दूरच्या दुसऱ्या सळईपर्यंत विद्युत जोड सलग आहे का, तेही आधी पाहा. सलग नसेल तर पुढचे आकडे फुकट.

पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने ओलावून, त्यावर स्पंज टेकवून सव्वा-सव्वा मीटरवर मीटरच्या मिलिव्होल्टमधल्या नोंदी घ्या. शेजारच्या दोन नोंदींत १५० मिलिव्होल्टहून जास्त फरक आला तर मधेही घ्या. नोंद उणे २०० पर्यंत पोचतच नसेल, तर गंज नसण्याची शक्यता ९० टक्क्यांवर. उणे ३५० च्याही खाली गेली, तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांवर. मधल्या पट्ट्यात ठाम बोलू नये.

खाडीत खरी फसगत पाण्याखाली होते. कायम बुडालेल्या काँक्रीटमध्ये प्राणवायू पोचत नाही, त्यामुळे नोंद फार ऋण येते आणि सळई मात्र शाबूत असू शकते. खरा घात भरती-ओहोटीच्या पट्ट्यात आणि त्याच्या जरा वर होतो. म्हणून एकेका आकड्यापेक्षा नकाशा बघा : जवळजवळ एकदम आकडा घसरतो ती जागा संशयाची. तिथली भुकटी ड्रिलने थराथराने काढून क्लोराइड (मिठातला, सळई गंजवणारा घटक) तपासा.

पूर्वताणित केबलींसाठी (काँक्रीट आवळून धरायला ताणून बसवलेल्या पोलादी तारांसाठी) ही चाचणी भरवशाची नाही. धातूच्या नळीतली केबल मीटरला दिसत नाही. जुलै १९८६ मध्ये पणजीचा मांडवीवरचा पूल पडला तो केबलींच्या गंजाने, हे विसरून चालणार नाही.

प्रश्न : पुलावर सेन्सर बसवले की धोका आधी कळेल ना? (स्थापत्य शाखेची विद्यार्थिनी, सांगली)

कोणता धोका, ते आधी ठरवावे लागते. १ ऑगस्ट २००७ रोजी अमेरिकेत मिनियापोलिसमधला पूल पडला. त्याच्या जागी २००८ मध्ये उभ्या राहिलेल्या पुलात ३०० हून अधिक सेन्सर आहेत. ताण मोजायला प्रकाशतंतूत कोरलेली बारीक रेषांची जाळी वापरतात; ती ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश परत पाठवते. १५५० नॅनोमीटरजवळ ही तरंगलांबी एका मायक्रोस्ट्रेनमागे (लांबीत दहा लाखांत एक भाग बदल) सुमारे १.२ पिकोमीटर सरकते, पण एका अंश सेल्सिअसमागे सुमारे १०. म्हणजे तापमान एक अंशाने वाढले तरी आठेक मायक्रोस्ट्रेनचा खोटा ताण दिसतो. शेजारी ताण न घेणारा, फक्त तापमान मोजणारा तंतू हवाच. शिवाय किमान वर्षभराच्या नोंदी हाताशी नसतील, तर पुलाची नेहमीची हालचाल कोणती आणि बिघाड कोणता, हे सांगता येत नाही.

गर्डरवरचा (पुलाच्या आडव्या तुळईवरचा) सेन्सर खांबांच्या पायाखालची माती वाहून जाताना बघत नाही. महाडजवळ २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा दगडी कमानीचा पूल पुरात गेला. तशा जुन्या पुलाला ध्वनिलहरींनी नदीतळाची खोली मोजणारे सोनार यंत्र आणि खांबाचा कल मोजणारा सेन्सर जास्त उपयोगी.

प्रश्न : स्वतःच तडे बुजवणारे काँक्रीट वापरले तर दुरुस्ती टळेल का? (एक कंत्राटदार, चिपळूण)

गंज सुरू झालेल्या पुलात नाही. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधनात बॅसिलस जिवाणूंचे बीजाणू आणि कॅल्शियम लॅक्टेट काँक्रीटमध्ये मिसळतात. तड्यात पाणी शिरले की ते जागे होऊन चुनखडी तयार करतात. सुमारे ०.८ मिलिमीटरपर्यंतचे तडे बुजल्याचे दिसले आहे. पण वाहनांच्या वजनाने उघडझाप करणारा तडा पुन्हा फुटतो आणि आत शिरलेले क्लोराइड आतच राहते.

तुमच्या कामात सळईच्या मागेही २० ते २५ मिलिमीटर काँक्रीट काढा, सळईचा स्वच्छ, चकचकीत धातू दिसेपर्यंत साफ करा. नुसता वरचा पोपडा काढून ठिगळ लावले, तर ठिगळाच्या कडेला जुन्या काँक्रीटमध्ये नवा गंज धरतो. तो रोखण्यासाठी ठिगळाच्या कडेने सळईला जस्ताचे ॲनोड (सळईऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) तारेने घट्ट बांधा. सैल जोडाचा ॲनोड काम करत नाही.