आधी विहीर मोजायला शीक

बाळ, सप्रेम आशीर्वाद.

पर्यावरणशास्त्र घ्यावं का, आणि घेतलं तर पुढे नोकरी कुठे लागते, असं तू विचारलंस. दुसरा प्रश्न बहुधा घरातला असावा. तो रास्तच आहे. कोरडवाहू शेतीवर पोरीला शिकवणाऱ्यांनी तो विचारायलाच हवा.

माझं मत सरळ सांगते. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र यांतला एक विषय पक्का कर आणि पर्यावरणशास्त्र एम.एस्सी.ला घे. या शास्त्रात हवा, पाणी, माती, जंगल, कायदा असं सगळंच थोडं थोडं येतं. पाया एका विषयात नसेल तर दोन वर्षांनी हातात नुसत्या व्याख्या राहतात. गणिताला, विशेषतः संख्याशास्त्राला, भिऊ नकोस. ते आलं नाही तर दुसऱ्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवण्यापलीकडे काही करता येत नाही.

आता पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मराठवाड्यात हे शास्त्र शिकणाऱ्याला पाणी टाळताच येत नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. बातम्यांत सगळ्यांना रेल्वे दिसली. आपल्याला बघायचाय खडक. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. पाणी राहतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. झिजलेला बेसाल्टसुद्धा आपल्या घनफळाच्या साधारण 1 ते 3 टक्केच पाणी विहिरीला देतो. पावसाळ्यात विहीर 3 मीटर चढली की गाव खूश होतं. पण 2 टक्के धरून हिशेब कर: जमिनीत साठलेला पाण्याचा थर भरतो जेमतेम 60 मिलिमीटर. उसाला एका हंगामात 1500 ते 2500 मिलिमीटर पाणी लागतं आणि आपला वर्षाचा सरासरी पाऊस 700 ते 800 च्या आसपास. हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडलेस की बोअर दरवर्षी खोल का न्यावं लागतं, ते कुणी वेगळं सांगायला नको.

म्हणून प्रवेशाची वाट न बघता घरच्या विहिरीची पातळी मोजायला लाग. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तूही निदान तेच महिने धर. कठड्यावर एक खूण कर आणि दर वेळी तिथूनच टेप सोड. मोटार चालू असताना किंवा नुकतीच बंद केल्यावर मोजू नकोस, तेव्हा पाणी उपशाने खाली गेलेलं असतं. सकाळी, मोटार लावायच्या आधी मोज. तारीख, पातळी, झालेला पाऊस आणि रानात उभं असलेलं पीक, एवढं वहीत लिही.

प्रयोगशाळेतही हीच शिस्त लागते. नदीच्या पाण्यातला विरघळलेला प्राणवायू मोजायचा तर बाटलीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये आणि प्राणवायू पाण्यात बांधून ठेवणारी पहिली दोन रसायनं नदीकाठावरच घालायची. नमुना तसाच प्रयोगशाळेत नेला तर आकडा बदललेला असतो. फ्लोराइडसाठी नमुना काचेच्या बाटलीत घेऊ नये, प्लास्टिकच्या घ्यावा. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर दीड. इतक्या बारीक फरकावर एखाद्या वस्तीचा हातपंप बंद करायचा की नाही हे ठरतं, म्हणून नमुना घेण्यातला आळस मला अजिबात खपत नाही.

नोकरीचं म्हणशील तर प्रदूषण नियंत्रण मंडळात जागा मोजक्या निघतात आणि स्पर्धा मोठी असते. पहिलं काम बहुधा पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, वाळूज-शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींतल्या एखाद्या कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात किंवा प्रकल्पांचे पर्यावरणीय अहवाल करणाऱ्या सल्लागाराकडे मिळेल. पगार सुरुवातीला बेताचा असतो, हे घरी आत्ताच सांगून ठेव. अहवालाचं काम धरलंस तर न मोजलेला आकडा कुणाच्याही सांगण्यावरून लिहू नकोस. त्या कागदावर गावांचं पाणी आणि हवा ठरते. कॉलेजात शिकवायचं असेल तर नेटची, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेची, तयारी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासूनच कर.

छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातही हा विषय शिकवतात. बी.एस्सी.चे विषय निवडण्याआधी दोन्हीकडे एकदा जाऊन ये आणि कुठली पदवी चालते ते विचारून घे. शिकत असलेल्या मुलामुलींशी बोल. शेवटची क्षेत्रभेट कधी झाली, उपकरणं स्वतःच्या हाताने वापरायला मिळतात का, प्रकल्पाचे नमुने कोण गोळा करतं, हे त्यांना विचार. जिथे मुलं स्वतः चिखलात उतरून नमुने आणतात, तिथे प्रवेश घे.

तुझ्या मॅडम