तुमचे प्रश्न : पोहणारा बांगडा

प्रश्न : ब्लेंडर या थ्रीडी अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये बांगडा पोहताना दाखवायचा आहे. शेपूट दाराच्या फळीसारखी हलते, मासा घसरत गेल्यासारखा दिसतो आणि वेग बदलला की झटका बसतो. काय चुकतंय? – एक विद्यार्थी, म्हापसा

उत्तर : सगळ्या बोन्सना (आकृती वाकवणाऱ्या आतल्या हाडांना) एकाच फ्रेमवर कीफ्रेम (हालचालीच्या खुणा) दिल्यात, म्हणून फळी झाली. माशाच्या अंगातून लाट डोक्याकडून शेपटीकडे सरकते; तीच पाणी मागे लोटते. बाजारातून ताजा, अख्खा बांगडा आणा, डोकं चिमटीत धरून हलकेच डोलवून बघा. धड जेमतेम वाकतं. खरा वाक शेपटीच्या बारीक देठाशी, वर-खाली पाच-पाच इवले पर असतात तिथे पडतो.

25 सेंमी माशाला 8 बोन्स पुरतात. सांध्यांवर 9 एम्प्टी (न दिसणारे खुणेचे बिंदू) ठेवून त्याच आडव्या हलवा. मध्यरेषेपासून प्रत्येक बाजूला नाकाशी 0.5 सेंमी, पाव अंगावर 0.25, अर्ध्यावर 0.5, पाऊणवर 1.2, टोकाला 2.5. नाक अजिबात खिळवू नका, मासा लगेच खोटा वाटतो. पहिल्या बोनला कॉपी लोकेशन (नाकाच्या एम्प्टीची जागा घेणारं बंधन), सगळ्यांना शेपटीच्या बाजूच्या पुढच्या एम्प्टीकडे डॅम्प्ड ट्रॅक (तिच्याकडे तोंड वळवणारं बंधन). सेकंदाला 24 फ्रेम आणि शेपटीचे 3 फेरे धरले, तर एक फेरा 8 फ्रेमचा. प्रत्येक एम्प्टी आधीच्या एम्प्टीपेक्षा एक फ्रेम, म्हणजे फेऱ्याचा आठवा भाग, उशिरा हलवा.

घसरणं थांबवायला एका फेऱ्यात मासा अंगाच्या साधारण 0.65 पट, म्हणजे 16 सेंमी पुढे न्या. फ्रेममागे 2 सेंमी. वेग हवा असेल तर फेरे वाढवा, झोका नाही. खरा मासाही तेच करतो, आणि बहुतेकांचं इथेच बिघडतं.

एम्प्टी सूत्राने हलवत असाल, तर झटक्याचं कारण त्या सूत्रात आहे. साइनमध्ये (लाट काढणाऱ्या गणिती फलात) सेकंदाचे फेरे गुणिले वेळ लिहिलंत, की फेरे बदलताच आधीचा सगळा वेळ नव्या आकड्याने गुणला जातो आणि लाट उडी मारते. त्याऐवजी कोन साठवत चला : दर फ्रेमला 360 गुणिले फेरे भागिले 24 अंश मिळवा. 3 फेऱ्यांना 45 अंश, 4 ला 60.

प्रश्न : हेच रिग (बोन्स आणि एम्प्टींचा सांगाडा) डॉल्फिनला चालेल का? – वाचक, फोंडा

उत्तर : आडवं नाही, उभं. डॉल्फिन सस्तन असल्याने पाठीचा कणा वर-खाली वाकतो, शेपटीचं पातंही आडवं असतं. एम्प्टी वर-खाली हलवा.