वडिलांना वाचाघात झालाय, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषाच अडली आहे. अशा माणसाला आपलं बोलणं समजतं का? बोलायला किती दिवस लागतात?

बरेचदा बरंचसं समजतं. आणि तुमच्या वडिलांसमोर 'यांना आता काही कळत नाही' असं कुणी म्हणालं, तर त्याला तिथल्या तिथे गप्प करा.

माझ्या बाबांना २०१९ साली अर्धांगवायूचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला, त्यामुळे उजवा हात-पाय गेला आणि वाचाही. मशीद बंदरला धान्याच्या पेढीवर जन्मभर हिशेब लिहिलेला माणूस, त्याला 'पाणी' म्हणता येईना. पण पहिली ओळ सुरू करून दिली की पाढे धडाधड, अगदी पावकी-निमकीसुद्धा! किती वाजले विचारलं की 'एक, दोन, तीन' असं पुटपुटत यायचे आणि चारावर थांबून माझ्याकडे बघायचे. घड्याळात चारच वाजलेले असायचे. पाढे, आरत्या, शिव्या असं घोटून बसलेलं बरेचदा टिकतं, नवा शब्द शोधून बोलणं तेवढं अडतं. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने १८६१ मध्ये ज्या रुग्णावरून मेंदूतली बोलण्याची जागा दाखवली, त्यालाही जवळपास 'टॅन' एवढंच म्हणता यायचं, पण विचारलेलं बरंचसं कळायचं.

माझ्या मोठ्या भावाला हे कधीच पटलं नाही. चाळीच्या पुनर्विकासाची संमती घ्यायला माणसं आली तेव्हा त्याने विचारलं, "बाबा, द्यायची ना?" बाबा म्हणाले, "हो, हो." पण मान आडवी हलत होती आणि डाव्या हाताने ते कागद परत ढकलत होते. वाचाघातात हो-नाहीची अदलाबदल होऊ शकते, हे मी ओरडून सांगितलं. "हो म्हणाले ना? मग झालं," म्हणत भावाने त्यांचा डावा अंगठा धरून उठवला. तोंडातला शब्द ऐकायचा आणि हात बघायचा नाही, हा अन्याय आहे. मी हे अजून विसरलेलो नाही.

'फिजिओ पुरे, बोलणं येईल आपोआप,' हेही त्याचंच. त्यात आमचे पाच महिने गेले. तुम्ही आजच स्पीच थेरपिस्ट गाठा. मुंबईत नायर रुग्णालयात विभाग आहे, वांद्रे रेक्लमेशनला वाचा-श्रवणाची अली यावर जंग संस्था आहे. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पुढेही वर्षानुवर्षं होत राहते. दिवस मोजून कुणी सांगणार नाही. एका वेळी एकच प्रश्न विचारा, थांबा, त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. आणि ओरडू नका, कान शाबूत आहेत.

हो, वाचाघाताच्या वर्निके नावाच्या प्रकारात माणूस भराभर पण अर्थहीन बोलतो आणि त्याचं समजणंही बिघडलेलं असतं. बाबांनाही लांबलचक वाक्यं जड जायची. तेव्हा किती समजतंय याची तपासणी करून घ्या. नुसती जीभ जड होऊन उच्चार लडखडत असतील तर तो वाचाघात नव्हे, त्याचे उपचार वेगळे.

भाऊ अजून येतो तेव्हा बाबांच्या शेजारी बसून मला विचारतो, "जेवले का?" मी उत्तर देत नाही, बाबांकडे बघतो. आता ते स्वतः सांगतात, "जेव... जेवलो."