उबळ आली, म्हणजे मी बरी झालेच नव्हते का?

प्रश्न : ताई, मी २९ वर्षांची, कर्वेनगरला राहते. कॉलेजात असताना मी स्वतःला इजा करून घ्यायचे. उपचार घेतले आणि सहा वर्षांपूर्वी ते थांबलं. अजूनही दर महिन्याला कॅलेंडरवर एक टिंब काढते. मार्गशीर्षात माझं लग्न आहे. गेल्या आठवड्यात आईबरोबर तुळशीबागेत बांगड्यांचं माप द्यायला गेले. दुकानातल्या बाईंनी माझा हात उजेडात धरला आणि विचारलं, "हे काय गं झालं?" आई दुसरीकडे बघायला लागली. त्या रात्री दोन वाजेपर्यंत ती जुनी इच्छा हटेना. केलं काहीच नाही, पण सहा वर्षं फुकट गेल्यासारखी वाटली. होणाऱ्या नवऱ्याला यातलं काही माहीत नाही. हे कधी संपतच नाही का?
– टिंबवाली

उत्तर : टिंबवाली, फुकट काय गेलं? रात्री दोनपर्यंत जागलीस आणि काही केलं नाहीस. सहा वर्षांपूर्वी अशी रात्र कशी संपायची, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

या इच्छेला आम्हा समुपदेशकांकडे 'ऊर्मी' म्हणतात. मला आपला 'उबळ' हा शब्द जवळचा वाटतो. खोकला बरा होऊन महिने लोटले तरी फोडणीचा ठसका लागला की उबळ येतेच. म्हणून कोणी एक्स-रे काढायला धावत नाही. असह्य झालं की हे केल्यावर घटकाभर सुटका मिळते, हे तुझा मेंदू त्या काळात शिकला. शिकलेलं सहसा पुसलं जात नाही. पायवाट वापरली नाही तर गवत माजतं, पण वाट खाली असतेच. लाज, भांडण, जागरण यांनी ते गवत बाजूला सरतं. तुझ्या वाट्याला एकाच दिवशी अनोळखी बाईचा प्रश्न आला, आईची फिरवलेली नजर आली, आणि लग्नघर म्हटल्यावर झोपही धड होत नसणार.

मला स्वतःला थांबून २३ वर्षं झाली. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोलांचा सराव चालू होता. शनिवार पेठेतल्या आमच्या खिडक्या त्या दिवसांत अक्षरशः थरथरतात. फोनवर भावाशी घराच्या वाटणीवरून वाजलं आणि तो नेमकं वडिलांचं एक वाक्य बोलला. फोन ठेवला आणि उबळ आली, थेट विशीतली. मी ५४ वर्षांची, दारावर 'समुपदेशक' अशी पाटी! तशीच अनवाणी खाली काकूंकडे गेले आणि म्हटलं, "काही निवडायचंय का?" त्यांनी अर्धा किलो घेवडा पुढ्यात ओतला. मी शिरा काढत बसले, काकू त्यांच्या जावेच्या गुडघ्याची कहाणी सांगत बसल्या. सुरुवातीला माझी बोटं नीट चालत नव्हती. घेवडा संपला तेव्हा उबळ गेली नव्हती, पण वर जाऊन कुकर लावण्याइतकी उतरली होती.

ॲलन मार्लट हे व्यसनांवर काम करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. अशी ओढ लाटेसारखी असते, असं ते सांगत. ती चढते, माथ्यावर जाते, ओसरते. तिला ढकलायचं नाही, तिच्यावर तरंगायचं. बहुतेक वेळा अर्ध्या तासात तिचा जोर कमी होतो. तुझी दोनपर्यंत चालली, कारण अंधारात एकटी पडून तू तिच्याशी वाद घालत होतीस, असा माझा अंदाज. पुढच्या वेळी उठ, दिवा लाव, तोंडावर गार पाणी मार आणि ज्या खोलीत माणूस आहे तिथे जाऊन बस. कारण सांगायची गरज नाही. जुन्या सवयीशी जोडलेल्या वस्तू मात्र आजच, मन शांत असताना, तुझ्या खोलीतून हलव.

आता टिंबं. ती बंद कर, असं मी म्हणेन; आमच्यातल्या काहींना हे पटणार नाही. मार्लटनी आणखी एक गोष्ट दाखवली : एकदा नियम मोडला की माणूस 'आता सगळंच गेलं' असं धरून चालतो आणि त्या निराशेतच जास्त घसरतो. तुझं तर काही मोडलंही नाही, तरी तू सगळा हिशेब शून्यावर आणलास. लिहायचंच असेल तर उबळ आली त्या दिवशी झोप किती झाली होती, कोण काय बोललं, आणि शेवटी कशाने उतरली, ते लिही.

याच त्रासासाठी डीबीटी ही उपचारपद्धती घडवणाऱ्या मार्शा लिनहान यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की तरुणपणी त्या स्वतः यातून गेल्या होत्या. तोवर त्यांची बरीचशी कारकीर्द होऊन गेली होती. तेव्हा सांगायला उशीर झाला, असं काही मानू नकोस. होणाऱ्या नवऱ्याला लग्नाआधी सांग, असं माझं मत, निर्णय तुझा. सकाळी तळजाईला फिरायला जा. शेजारी शेजारी चालताना डोळ्यांत बघावं लागत नाही. सगळा इतिहास नको. "कॉलेजात असताना मी स्वतःला इजा करायचे, उपचार घेतले, कधीकधी अजून उबळ येते, तेव्हा तू नुसता जवळ बस," एवढं बास. आईशीही बोल. ती दुसरीकडे बघत होती ती बहुतेक तिला काही सुचलं नाही म्हणून.

उबळ रोज यायला लागली, किंवा तिच्यासोबत मरणाचे विचार आले, तर माझ्या उत्तराची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी घरातल्या कोणाला तरी घेऊन मनोविकारतज्ज्ञांकडे जायचं. रात्र असेल तर १४४१६ लाव. टेली-मानस ही सरकारी सेवा मोफत आहे, २४ तास चालते, मराठीत बोलता येतं. तसं काही नसलं, तरी लग्नाआधी तुझ्या जुन्या थेरपिस्टला दोन-तीनदा भेटून ये.

राहिला चुडा. कासारीण घरी येणार असेल तर बहिणीला नाहीतर मैत्रिणीला शेजारी बसव. तिने विचारलंच तर "जुनं आहे हो, मावशी" म्हण आणि दुसरा हात पुढे कर. तिचं सगळं लक्ष बांगडी पिचू नये याकडे असतं.